वायंगणाचा फुलोरा आणि ऊन

मार्च २०२३ मध्ये उष्णतेच्या लाटेचा इशारा आला, तेव्हा गोव्यातील शाळा दोन दिवस बाराच्या आत सोडण्यात आल्या. मुलांस आम्ही घरी धाडले. पेडणे-डिचोलीतील वायंगणी भाताला मात्र उन्हातच उभे राहणे प्राप्त होते. उशिरा लावलेले वायंगण नेमके याच सुमारास फुलोऱ्यावर येते.

भाताचे फूल सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान उमलते आणि तास-दीड तासात मिटते. तेवढ्यात परागकोश फुटून पराग कुक्षीवर पडावा लागतो. ऐन त्या वेळी पारा पस्तीस अंशांपलीकडे तासभर जरी राहिला, तरी परागकोश नीट फुटत नाहीत, पडलेला पराग रुजत नाही, दाणा भरत नाही. लोंबी दिसावयास डौलदारच असते. मळणीनंतर वारा देताना पोचट भात उडू लागते, तेव्हा शेतकऱ्यास आपली हानी कळते.

लावणी लांबवू नये, असे आमच्याकडील जुनी माणसे बजावीत. ते केवळ पाण्याच्या काळजीपोटी, असा आमचा इतके दिवस समज होता! तिळारीच्या कालव्याचे पाणी वेळेवर मिळाले, तर लवकर लावलेल्या वायंगणाचा फुलोरा फेब्रुवारीतच आटोपतो. उशीर झालाच, तर फुलोऱ्यात शेत कोरडे पडू देऊ नये. पानांवाटे पाणी सोडूनच रोप स्वतःस गार राखते. एका रानभाताचा सकाळी लवकर उमलण्याचा गुण संशोधकांनी लागवडीच्या भातात उतरविला आहे. त्याची फुले ऊन चढण्यापूर्वीच मिटतात.