शंकूची सावली आणि सोलर पॅनेलचा कोन

जामखेड हा अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा तालुका. पाऊस तेथें बेताचा व लहरी. ऊन मात्र भरपूर. त्यामुळें तेथील शेतांतून सौर पंप बसूं लागले आहेत, आणि घरांच्या गच्च्यांवरहि सोलर पॅनेलें दिसतात. हीं पॅनेलें किती कलतीं असावींत हें पुष्कळदां नुसत्या अदमासानें ठरतें. वास्तविक या प्रश्नाचें उत्तर शाळेंतल्या त्रिकोणमितींत आहे.

सूप सूर्यासमोर नीट धरलें म्हणजे मागील भिंतीवर त्याची सावली रुंद पडते. तें कलतें करावें तसतशी सावली अरुंद होत जाते. सूप तेवढेंच राहतें, पण त्यानें अडविलेलें ऊन घटतें. हें घटण्याचें माप म्हणजे कोटिज्या, विद्यार्थी जिला कोसाइन म्हणतात ती. किरण लंबापासून ६० अंश ढळला कीं ऊन निम्मेंच पदरांत पडतें.

आतां जामखेडचा हिशेब पाहूं. या गांवाचा अक्षांश सुमारें १८.७ अंश उत्तर आहे. म्हणून विषुवदिनीं, म्हणजे २१ मार्च व २३ सप्टेंबरच्या सुमारास, माध्यान्हींचा सूर्य डोक्यापासून तितकेच अंश दक्षिणेस असतो. डिसेंबरच्या अखेरीस त्यांत २३.४ अंशांची भर पडून तो ४२ अंशांवर जातो. जूनमध्यें उलट ५ अंश उत्तरेकडे झुकतो. गच्चीवर सपाट निजविलेल्या पॅनेलास डिसेंबरांत माध्यान्हीं सरळ उन्हापैकीं शेंकडा ७४ भागच मिळतात. तेंच पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून अक्षांशाइतकें उचललें तर ९२ भाग मिळतात. त्याच दिवसांत रब्बीची ज्वारी शेतांत उभी असते; तेव्हां हा फरक केवळ कागदावरचा नव्हे, तो पाण्याचा आहे.

हा कोन मोजण्यास यंत्र लागत नाहीं. विषुवदिनीं सपाट जागीं बारा अंगुळांची काठी ओळंब्यांत उभी करावी व तिची सर्वांत आंखूड सावली मोजावी. घड्याळाच्या बाराच्या ठोक्यावर विसंबूं नये; जामखेडीं खरी माध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते. या सावलीस ज्योतिषी पलभा म्हणतात. भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ ग्रंथांत शंकू व छाया यांचें गणित विस्तारानें आलें आहे. जामखेडची पलभा जवळजवळ चार अंगुळें भरते. बारास चार, म्हणजे तीनास एक. म्हणून चौकटीची आडवी लांबी तीन हात असेल तर मागील बाजू एक हात उचलावी. कोन आपोआप साधतो. शिवाय ती सावली खरी उत्तर-दक्षिण दिशाहि दाखविते.

परंतु केवळ अक्षांशावर थांबूं नये. पावसाळ्यांत ढगांमुळें सरळ ऊन थोडेंच मिळतें. मग जूनकरितां हिंवाळ्याचें ऊन कां गमवावें? ज्यास रब्बीच्या पाण्याची निकड आहे त्यानें कोन २५ अंशांपर्यंत वाढवावा. डिसेंबरच्या माध्यान्हीं मग शेंकडा ९५ हून अधिक भाग पदरांत पडतात. ज्या घरीं एप्रिल-मे महिन्यांत पंख्यांचा खर्च मोठा, तेथें पॅनेल किंचित सपाट ठेवलेलें बरें, कारण मेच्या मध्यास जामखेडीं सूर्य थेट डोक्यावर येतो. तरीहि तें अगदीं सपाट नसावें. तसें असल्यास पावसाचें पाणी धूळ घेऊन खालीं वाहून जात नाहीं.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पांच अंशांची चूक झाली तर शेंकडा अर्धा भागहि बुडत नाहीं, कारण पांच अंशांची कोटिज्या ०.९९६ आहे. म्हणून अंशाच्या अपूर्णांकासाठीं जीव टाकूं नये. पॅनेलाचें तोंड उत्तरेकडे होणें किंवा पाण्याच्या टाकीची सावली त्यावर पडणें, हें नुकसान त्याहून कितीतरी मोठें. दिशा, सावली आणि कोन या क्रमानें पाहिलें म्हणजे आपल्या वांट्याचें ऊन सहसा वायां जात नाहीं.