पहिलीच्या आधी समितीचं काय काम?

बेगडेवाडीपासून लोणावळ्यापर्यंत मावळात कुठंही शाळेचा विषय काढा, एक वाक्य हमखास कानावर येतं: "लहान वर्गांत शाळा व्यवस्थापन समितीनं काय बघायचं? तिथं खाऊ आणि खेळ." पालक हे म्हणतात, शिक्षक म्हणतात, समितीचे सदस्यही म्हणतात. आता हे ऐकवत नाही.

आधी कायदा बघू. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत समिती हवीच. तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेतल्या मुलांचे पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ही कामं कलमातच लिहिली आहेत. त्यातून पहिली-दुसरी वगळल्याचं कुठंही लिहिलेलं नाही. पहिलीला वर्गशिक्षक आहे का, गोष्टींची पुस्तकं कपाटात कुलूपबंद आहेत की मुलांच्या हातात, सहा वर्षांच्या मुलाचा हात नळाला पोचतो का, हे विचारायचा समितीला पूर्ण अधिकार आहे.

गोंधळ होतो तो अंगणवाडीपाशी. अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतली. खातं महिला व बालविकास. समिती सेविकेला आदेश देऊ शकत नाही, हे खरं. पण म्हणून संबंधच नाही, हे कुणी ठरवलं? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०नं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय. अंगणवाड्या शाळासंकुलांशी जोडाव्यात, तिथली मुलं, पालक आणि सेविकांना शाळेच्या कार्यक्रमांत सामील करावं, असंही त्यात आहे. मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाआधी होते, हेही तेच धोरण सांगतं. आणि आपल्या बैठकांत चर्चा कशाची, तर रंगरंगोटीची आणि कुंपणाची! सेविकेला बैठकीचं निमंत्रण द्या. जूनमध्ये पहिलीत कोणकोणती मुलं येणार, त्यांना काय येतं, कोण बुजरं आहे, हे मार्चमध्येच तिला विचारा. कुठलाही कायदा आड येत नाही.

कायद्यात उणीव आहे, तीही सांगायला हवी. जिचं एकुलतं मूल अंगणवाडीत आहे, त्या आईला पालक म्हणून समितीत जागा नाही. मूल शाळेच्या पटावरच नसतं. शिवाय कलम ११ नुसार सरकार तीन ते सहा वयाच्या शिक्षणाची सोय 'करू शकेल', एवढंच. इंग्लंडमध्ये सरकारी नर्सरी शाळेलाही स्वतःचं नियामक मंडळ असतं आणि त्यात पालक असतात. आपल्याकडे ते व्हायला हवं.

'खेळ म्हणजे शिक्षण नव्हे' म्हणणाऱ्यांनी ताराबाई मोडकांचं काम वाचावं. बोर्डीत १९४५ साली त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढली, ती याच पायावर.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. सरपंच आपोआप अध्यक्ष होतो? नाही, अध्यक्ष पालकांतून निवडतात. अध्यक्ष शिकलेलाच हवा? कायद्यात तशी अट नाही. विनाअनुदानित खासगी शाळेतही हीच समिती असते? नाही, कलम २१ त्यांना लागू नाही. अनुदानित शाळेत समितीचा शब्द अखेरचा? २०१२च्या दुरुस्तीनंतर तिथं ती फक्त सल्ला देते. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची मुलाखत चालते? कलम १३ नुसार चालत नाही. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत.