धावपटूचे पहिले बूट

पावसाळा स्थिरावला की परभणी जिल्ह्यातील शाळांना मैदानी स्पर्धांचे वेध लागतात. जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत तालुक्या-तालुक्यांतून मुले-मुली धावण्याच्या शर्यतींसाठी निवडली जातात आणि अनेक घरांत एक नवा प्रश्न उभा राहतो: बूट कोणते घ्यावेत? शेतकरी वा शेतमजूर कुटुंबास हा खर्च लहान नसतो. निवड चुकली तर पैसा वाया जातोच, शिवाय पाय दुखावून सारा हंगामही हातचा जातो.

मराठवाड्याच्या मातीत धावपटू घडतात, हे आता सिद्ध झाले आहे. परभणीच्या ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत प्रथम आल्या. शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत रौप्यपदक मिळविले.

अनवाणी धावण्यास मनाई नाही

बूट नाहीत म्हणून कोणाही विद्यार्थ्याने मागे राहण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळाडू अनवाणी धावू शकतो. तथापि रोजच्या सरावात काटे, खडे व काचा यांपासून तळव्यांचे रक्षण व्हावे, म्हणून बूट उपयुक्त ठरतात.

आधी सरावाचे बूट

एकच जोड घेणे शक्य असेल, तर तो सरावाचा असावा. खिळ्यांचे बूट, म्हणजेच स्पाइक, शर्यतीपुरते असतात. सरावाचे बूट मात्र रोज पायांत असतात. खरेदीस सायंकाळी जावे, कारण दिवसभरात पाय किंचित सुजलेला असतो. मोजे घालून, उभे राहून, दोन्ही पायांचे माप घ्यावे व मोठ्या पायाप्रमाणे बूट निवडावा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. बूट बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. टाचेची बाजू घट्ट असावी. मूल वाढीचे आहे म्हणून दोन मापे मोठा बूट घेण्याची पद्धत घातक आहे. सैल बुटात पाय घसरतो, फोड येतात आणि घोटा मुरगळतो.

स्पाइक घेताना

कमी अंतराच्या शर्यतींच्या स्पाइकचा तळ ताठ असतो. मध्यम व लांब पल्ल्यासाठी तो लवचीक असून टाचेखाली थोडी गादी असते. आपली शर्यत ठरल्याखेरीज स्पाइक घेऊ नयेत. नियमाप्रमाणे एका बुटास अकराहून अधिक खिळे चालत नाहीत. कृत्रिम धावमार्गावर धावण्याच्या शर्यतींत खिळ्याची लांबी ९ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. मातीच्या मैदानावर ती २५ मिलिमीटरपर्यंत चालते. खिळे बदलता येणारे बूट घेतल्यास एकच जोड दोन्हीकडे उपयोगी पडतो.

नवे स्पाइक थेट स्पर्धेच्या दिवशी घालू नयेत. त्यांत टाच खाली राहत असल्याने पोटरीवर व टाचेमागील शिरेवर ताण येतो. प्रथम आठवड्यातून एकदा, थोड्याच अंतरासाठी ते वापरावेत. पोटरी दुखू लागल्यास सराव थांबवून क्रीडाशिक्षकांना सांगावे.

काळी माती आणि निगा

परभणीची काळी माती पावसात बुटांना चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ओल्या मैदानावर चिखलाने तळ जड होतो, तर भेगाळलेल्या जमिनीवर पाय मुरगळण्याचा धोका असतो. म्हणून सरावासाठी मुरमाची वा गवताची सपाट जागा निवडावी. चिखल वाळण्यापूर्वीच काढावा, आत वर्तमानपत्राचा कागद भरावा व बूट सावलीत वाळवावेत. कडक उन्हाने गोंद सुटतो. तळाची नक्षी झिजली किंवा तळ एका बाजूस कलला, की बूट बदलण्याची वेळ आली असे समजावे.

ज्या मुलांना बूट लहान झाले असतील, त्यांचे सुस्थितीतील जोड शाळेने जमा करून नव्या मुलांना दिल्यास अनेक कुटुंबांचा भार हलका होईल. महागडा बूट कोणास वेगवान बनवीत नाही. मापाचा बूट मात्र खेळाडूला हंगामभर मैदानावर टिकवून ठेवतो.