पोट कापलं, पण बदललं काय?

‘पोट कापून बारीक झाली’, असं माझ्याबद्दल माढ्यात बोललं जातं. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण त्यातून दोन समज पक्के होतात: पोट लहान केलं म्हणून वजन उतरलं, आणि ज्यांना जिभेवर ताबा ठेवता येत नाही त्यांच्यासाठी ही पळवाट आहे. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि त्यांच्यापायी कितीतरी जण डॉक्टरांकडे जायचंच टाळतात. म्हणून लिहिते आहे.

मला कळतं तेव्हापासून मी जाड. शाळेत आरोग्य तपासणीला वजन मोठ्याने पुकारलं जायचं, ते सगळ्या वर्गाला ऐकू जायचं. पुढे स्थळं यायला लागली तेव्हा ‘अंगानं जरा भरलेली आहे’ हे आईला आधीच सांगून टाकावं लागायचं. लिंबू-मध झालं, रात्रीची भाकरी बंद झाली, माढेश्वरीच्या देवळापर्यंत पहाटेचं चालणं झालं. सगळं मन लावून केलं. दर वेळी दहा-पंधरा किलो उतरायचे आणि वर्ष-दोन वर्षांत व्याजासकट परत यायचे. ‘हिला खाणं सुटत नाही,’ असं लोक म्हणायचे आणि मलाही ते पटायचं.

हे असं का होतं, त्याचं उत्तर विज्ञानाने बरंचसं शोधलेलं आहे. 1994 मध्ये न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात आणि अंगात साठा किती आहे, हे त्यावरून मेंदूला कळतं. वजन घटलं की लेप्टिन घटतं आणि मेंदू दुष्काळ पडल्यासारखा वागू लागतो. सोलापूर जिल्ह्यात दुष्काळात घर कसं चालतं, हे कुणाला समजावून सांगायला नको: मिळेल ते साठवायचं, खर्च आवरायचा. शरीरही तेच करतं. भूक वाढवतं आणि ऊर्जा जपून वापरतं. अमेरिकेत टीव्हीवरच्या एका स्पर्धेत भराभर वजन उतरवलेल्या लोकांना सहा वर्षांनी तपासलं, तो अभ्यास 2016 मध्ये आला. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, आणि तरीही त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे साधारण तीन भाकऱ्या. इतरांच्या ताटापेक्षा तीन भाकऱ्या कमी, त्याही जन्मभर, आणि वर भूक जास्त. याला मनाचा दुबळेपणा म्हणणं अन्याय आहे.

अनुवंशाचा वाटाही मोठा. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांचा बांधा जन्मदात्यांशी जुळत होता, वाढवणाऱ्यांशी नाही. 2017 मध्ये इजिप्तहून इमान अहमद वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईत आल्या होत्या. त्यांच्या लेप्टिन ग्राहकाच्या (रिसेप्टरच्या) जनुकातच दोष असल्याचं तपासणीत निघालं. असा दोष फार दुर्मीळ, पण भूक कुठून येते ते त्यातून लख्ख दिसतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3, पण अंगातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1 टक्के. भारतीय शरीर बारीक दिसतानाही चरबी बाळगून असतं, म्हणून आपल्याला मधुमेह लवकर गाठतो. शस्त्रक्रियेचा विचार कधी करायचा, याची बीएमआयची मर्यादाही आशियाई लोकांसाठी याच कारणाने कमी धरतात.

2011 मध्ये नितीन गडकरींनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा आमच्या घरात हा विषय पहिल्यांदा निघाला आणि ‘मोठ्या लोकांची कामं’ म्हणून तिथेच थांबला. साखर वाढली, गुडघे गेले, तेव्हा पुन्हा निघाला. माझा गॅस्ट्रिक बायपास झाला पुण्यात. यात जठराचा वरचा, अंड्याएवढा भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर आत तसंच राहतं, पण अन्न त्यात जात नाही. ही शस्त्रक्रिया 1966 मध्ये अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी सुरू केली. डॉक्टरांना चकित केलं ते पुढच्या अनुभवाने: वजन फारसं उतरायच्या आधी, काही दिवसांतच, अनेकांची साखर खाली येऊ लागली. आतड्यातून मेंदूला आणि स्वादुपिंडाला जाणारे निरोपच बदललेले असतात. जीएलपी-1 हे संप्रेरक जेवणानंतर कितीतरी जास्त वाढतं. सध्या वजन कमी करणाऱ्या ज्या इंजेक्शनांची चर्चा आहे, ती याच संप्रेरकाची नक्कल करतात. माझ्या बाबतीत सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदा ताटात अन्न असताना ‘बास’ असं आतून वाटलं. मी रडले होते.

पण शरीराचे नवे नियम शिकावे लागतात. आमचा सगळा मुलूख उसाचा. कुर्डुवाडीच्या स्टँडवर उन्हात रसवंतीचं चाक फिरताना बघून अर्धा ग्लास घेतला आणि पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम फुटला, पोटात कळा, बाकावर आडवं व्हायची वेळ. साखर थेट आतड्यात उतरते, अंगातलं पाणी तिकडे ओढलं जातं. डॉक्टर याला डम्पिंग म्हणतात. गव्हाची मऊ पोळी आणि पाव घशाखाली अडकल्यासारखे बसायचे, उलट आपली सोलापुरी कडक भाकरी बारीक चावून खाल्ली की अलगद उतरायची. हुरडा मात्र मोजून, एकेक चिमूट. पाणी जेवणासोबत नाही, नंतर. आधी डाळ, अंडं, पनीर, मग बाकीचं.

केस गळतात, ते बहुधा परत येतात. लोंबणारी कातडी राहते. थोडं वजन काही वर्षांनी परतही येतं. धोका आहेच, पण न करण्यातही धोका असतो. स्वीडनमध्ये 1987 पासून सुमारे चार हजार लठ्ठ लोकांवर लक्ष ठेवलं गेलं. शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळलं.

मला खरी काळजी वाटते ती ऑपरेशननंतरच्या वर्षांची. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आता जन्मभर, कारण जिथे ते शोषलं जायचं तो रस्ताच बदलला आहे. पुण्यात हे सगळ्यांना माहीत असतं. गावाकडे हातापायाला मुंग्या आल्या, चक्कर आली, तर ‘अशक्तपणा आहे, सलाईन लावू’ असं होतं आणि बी-12 तपासलंच जात नाही. याहून घातक म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी बायपासच्या जोडावर अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून माझ्या पिशवीत डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स कायम असते, आणि कुठल्याही डॉक्टरकडे किंवा मेडिकलवर गेले की दुखणं सांगायच्या आधी ती पुढे करते. तुमच्या घरात कुणाची ही शस्त्रक्रिया झाली असेल तर त्यांच्याकडेही अशी प्रत आहे का, एवढं आज विचारा.