गाळ्याचे भाडे : वहीतला खरा आकडा

दिवाळी आटोपली आणि काकूंनी मला मंचरला बोलावून घेतले. काका गेल्यानंतर दुकानाच्या हिश्शाचे 44 लाख रुपये त्यांच्या हाती आले होते. त्यातून नारायणगावात एक गाळा घ्यावा, असे धाकट्या काकांनी सुचवले होते. “महिना 18 हजार घरबसल्या,” एवढेच गणित काकूंपुढे मांडले गेले होते. आणि त्यांच्या उतारवयाचा सारा आधार त्या एका आकड्यावर उभा राहणार होता.

आपण व्यापारी माणसे. पोत्यावर हमाली, तोलाई, वाहतूक, तूट हे सारे चढवून मगच माल कितीला पडला ते सांगतो. गाळा घेताना मात्र ही शिस्त कोण जाणे कुठे हरवते!

आम्ही वही उघडली. गाळ्याची किंमत 40 लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, वीजजोड व किरकोळ डागडुजी धरून तो 44 लाखांना पडणार. वर्षाचे भाडे 2,16,000. पण भाडेकरू बदलला की तीन-चार महिने सहज जातात; वर्षाला सरासरी दीड महिना रिकामा धरला तर 27 हजार वजा. घरपट्टी 9 हजार, शटर-गळती-रंगाचे 10 हजार. उरले 1,70,000, म्हणजे शेकडा 3.86. तीच रक्कम साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत 2,86,000 देते. मधली 1,16,000 ची तूट गाळ्याची किंमत वर्षाला जवळजवळ 3 टक्के चढली तरच भरून निघणार. भाड्याच्या बाजूनेही बोलायला हवे. आयकरात भाड्यातून घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते, ठेवीच्या व्याजाला ती नाही. शिवाय भाडे वाढते, ठेवीचे मुद्दल मात्र महागाईपुढे झिजते.

मग किंमत चढेल का, हा खरा प्रश्न. जुन्नरच्या लोकांना तो नवा नाही. नाणेघाटाच्या तोंडाशी आजही दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून तो ओळखला जातो. कल्याणकडून येणारा व्यापार त्या वाटेने चालत असे. वाट बदलली आणि रांजण रिकामा राहिला. पुणे-नाशिक महामार्गाला बाह्यवळण मिळाल्याने गावातली कोंडी सुटली, ती सुटायलाच हवी होती. पण जुन्या रस्त्यावरच्या दुकानाचे गिऱ्हाईक गावातले की वाटसरू, हे आता आधी विचारावे लागते. नारायणगावच्या टोमॅटो बाजारावर वा आळेफाट्याच्या कांदा बाजारावर चालणाऱ्या गाळ्याला हंगामाचे गणितही लागू होते.

कागदाचे बोलायचे तर काकांनी एक जुना गाळा निव्वळ शब्दावर दिला होता आणि त्या शब्दापायी घरात बरीच वर्षे मनस्ताप झाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 चे कलम 55 सांगते की करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली, तर वाद उद्भवल्यावर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ओळखीतला भाडेकरू असला तरीही करार कराच. किंबहुना ओळखीतल्याशी आधी करा.

निघताना मी काकूंना एकच काम सांगितले : विकणाऱ्याकडून गाळ्याचे वीजबिल मागवा. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. गाळा किती काळ बंद होता ते त्यातून कळते. आठवड्याने बिल आले. पाच महिने वापर शून्य. त्या हिशेबाने सात महिन्यांच्या भाड्यातून खर्च जाता 1,07,000 राहत होते, म्हणजे अडीच टक्केही नाहीत.

काकूंनी माझ्यासमोरच फोन लावला. “भाऊजी, गाळा मला आवडला आहे. पण किंमत रिकाम्या महिन्यांची धरून सांगायला सांगा. तोवर पैसे बँकेतच राहतील.”