को-ऑप की उन्हाळी इंटर्नशिप?

मुहर्रकमधल्या आपल्या घरांतली मुलं बारावी झाली की इंजिनिअरिंगसाठी कुणी पुण्याला जातात, कुणी दुबईला, तर कुणी थेट कॅनडा-अमेरिकेला. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास फोन येतो, "बाबा, को-ऑप घेऊ की उन्हाळ्यात इंटर्नशिप करू?" को-ऑप म्हटलं की आपल्याला सहकारी बँक आठवते! म्हणून सॉफ्टवेअरमध्ये काम करणारे आम्ही काही जण हा फरक थोडक्यात सांगतो.

इंटर्नशिप म्हणजे सुट्टीतलं आठ-दहा आठवड्यांचं काम. को-ऑप म्हणजे अभ्यासक्रमातच बसवलेली चार ते आठ महिन्यांची नोकरी. काही महिने वर्ग, काही महिने काम. ही पद्धत १९०६ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी सुरू केली. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ १९५७ मध्ये याच कल्पनेवर उभं राहिलं. आपल्याकडे बिट्स पिलानीने १९७३ मध्ये 'प्रॅक्टिस स्कूल' सुरू केलं. त्यात दोन्ही प्रकार आहेत : दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्यात सुमारे दोन महिने आणि शेवटच्या वर्षी साधारण साडेपाच महिने.

स्टायपेंड किती, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. आमच्या मते आधी आठवडे मोजावेत. आमच्या क्षेत्रात कॉम्प्युटर, पासवर्ड मिळून जुना प्रोग्रॅम समजेपर्यंतच दोन-तीन आठवडे जातात. आठ आठवड्यांच्या मुलाला त्यामुळे बाजूचं, सुटं काम मिळतं. सहा महिने राहणाऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम लोक वापरतात, तो बिघडतो आणि दुरुस्तही त्यालाच करावा लागतो. खरं शिक्षण तिथेच होतं. इतर शाखांचंही तेच. आपल्या हिदच्या गोदीत १९७७ पासून जहाजं दुरुस्त होतात. पण भर उन्हाळ्यात बहारीनमध्ये दुपारी १२ ते ४ उघड्यावर कामाला बंदी असते. सुट्टीपुरतं गोदीत गेलेल्याला वर्षभराचं काम दिसणार कसं?

मग को-ऑपच घ्यावं का? नेहमीच नाही. पदवी लांबू शकते. वॉटर्लूला इंजिनिअरिंगला साधारण पावणेपाच वर्षं लागतात. शैक्षणिक कर्ज असेल तर तेवढं व्याज धरा. अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्याने शिक्षण चालू असताना पूर्णवेळ 'सीपीटी' १२ महिने किंवा जास्त वापरली, तर त्या पदवीनंतरच्या 'ओपीटी'चा हक्क जातो. म्हणून सही करण्यापूर्वी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जरूर विचारावं.

थोडक्यात, कोणतं काम आवडेल हेच ठरलं नसेल तर दोन उन्हाळे दोन वेगळ्या ठिकाणी घालवावेत. दिशा ठरली असेल आणि पदवी थोडी लांबलेली परवडत असेल, तर को-ऑप घ्यावं.

देणगीदारांनाही एक विनंती. फी भरली की विद्यार्थ्याची सोय झाली, असं आपण धरून चालतो. पण बिनपगारी इंटर्नशिप दुसऱ्या शहरात असेल तर तिथलं खोलीभाडं आणि मेसचा खर्च कोण करणार? हुशार मुलं त्यापायी आलेली संधी सोडतात. मदत करताना हा खर्चही धरावा. आणि ज्यांच्या कंपनीत एखादा विद्यार्थी घेता येतो, त्यांनी जमल्यास त्याला दोनऐवजी सहा महिने ठेवून घ्यावं. हीसुद्धा मोठी देणगीच आहे.