पिंपातून निघालेला कोल्हा आधी हिरवा होता

पंचतंत्रातल्या निळ्या कोल्ह्याची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असणार. कुत्री मागे लागतात, कोल्हा जीव घेऊन पळतो, रंगाऱ्याच्या निळीच्या पिंपात पडतो आणि निळा होऊन जंगलाचा राजा बनतो. मुलांना सांगताना आपण बरेचदा शेवटी पाऊस पाडतो: रंग धुऊन जातो आणि सोंग उघडं पडतं. मूळ गोष्टीत पाऊस नाही. दुसऱ्या कोल्ह्यांचं ओरडणं ऐकून यालाही राहवत नाही, हाही कोल्हेकुई करतो आणि फसतो. नीळ एकदा धरली की सोडत नाही, हे त्याच गोष्टीत सांगितलंय. म्हणजे रचणाऱ्याला रंगाऱ्याचं काम ठाऊक होतं. एकच तपशील राहिला. पिंपातून निघाला त्या क्षणी कोल्हा पिवळट हिरवा असणार. निळा तो पळता पळता झाला.

दुबईत असाल तर हा हिरवा क्षण अल क्वोजमध्ये बघायला मिळू शकतो. गोदामं, गॅरेजं आणि कामगारांच्या वसाहतींचा हा भाग. 2008 पासून अलसरकाल अव्हेन्यूमुळे इथल्या गोदामांत गॅलऱ्या आणि स्टुडिओ आले. समजा, अशाच एखाद्या ठिकाणी तुम्ही शनिवारच्या शिबोरी वर्कशॉपला नाव घातलंत. पाटीवर लिहिलंय ‘जपानी पद्धत, नैसर्गिक इंडिगो’. तीन तासांत एक रुमाल रंगवून तुम्ही घरी जाल. पण त्या तीन तासांत शिकायचं काय?

निळीचा स्वभाव

नीळ पाण्यात विरघळत नाही. पूड कितीही ढवळा, तळाशी बसते. ती विरघळवायची तर पाणी अल्कधर्मी करावं लागतं, चुन्याने किंवा राखेने, आणि निळीचं रासायनिक क्षपण करावं लागतं. रंगाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर तिच्याकडून हवा काढून घ्यायची. मग पिंपातलं पाणी पिवळट हिरवं दिसतं आणि वर तांबूस, चकाकणारी साय धरते. मधोमध जमणाऱ्या निळ्या फेसाला जपानी रंगारी ‘निळीचं फूल’ म्हणतात.

कापड या पाण्यात दोनचार मिनिटं बुडवून बाहेर काढलं की हवेतला प्राणवायू परत येतो आणि तुमच्या डोळ्यांसमोर हिरव्याचं निळं होतं. आता नीळ पुन्हा न विरघळणारी झाली आणि धाग्यात अडकली. गडद रंग हवा असेल तर कापड जास्त वेळ बुडवून फारसा उपयोग नाही. बुडवायचं, हवा द्यायची, परत बुडवायचं. थरावर थर.

हे थर धाग्याच्या बाहेरच्या बाजूला बसतात, गाभा पांढराच राहू शकतो. म्हणून नीळ नुसत्या पाण्याने जात नाही, पण घासल्याने जाते. तुमची जीन्स गुडघ्यावर पांढरी पडते ती याचमुळे. कोल्ह्याला पावसाची भीती नव्हती. झाडाला अंग घासायची मात्र हवी होती.

रंग अडवायचा कसा

‘शिबोरी’ हा शब्द पिळणे या अर्थाच्या जपानी क्रियापदावरून आलाय. कापड बांधा, शिवून चुण्या ओढा, घडी घालून दोन फळ्यांत आवळा: जिथे पिंपातलं पाणी पोचत नाही तिथे पांढरं राहतं. आपल्याकडची बांधणी याच तत्त्वावर चालते, आणि तिचंही नाव हाताच्या क्रियेवरूनच पडलंय. नागोयाजवळचं आरिमात्सु हे गाव सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून या कामावर जगलं. तोकाइदो या मोठ्या रस्त्यावरून जाणारे प्रवासी इथून शिबोरीचे पंचे विकत घेत.

दुसरी जपानी पद्धत काताझोमे, तिच्यात कागदी साच्यातून कापडावर खळ लावतात. ही खळ चिकट तांदळाच्या पिठाची आणि तांदळाच्याच कोंड्याची असते. ती वाळली की तिच्याखाली रंग शिरत नाही, आणि शेवटी धुऊन काढता येते.

आता एक प्रश्न. जपान असो, कच्छ असो की पश्चिम आफ्रिका, रंग अडवण्याच्या कलेशी नीळच इतकी का जोडली गेली? कारण ती थंड्या किंवा कोमट पाण्यात रंगवते. मंजिष्ठासारख्या बऱ्याच वनस्पतींच्या रंगांना कापड बराच वेळ तापत ठेवावं लागतं. त्या उष्णतेत मेण वितळेल, खळ सुटेल. निळीचं बुडवणं थोडक्यात आटपतं आणि रंग आत खोल झिरपत नाही, म्हणून पांढऱ्याची कड स्वच्छ उमटते.

पिंपाला जेवण

बांधणं तासाभरात जमतं. पिंप सांभाळायला मात्र बराच काळ शिकावं लागतं, कारण जुन्या पद्धतीचं पिंप जिवंत असतं. जपानमध्ये तोकुशिमा भागात निळीच्या झाडाची वाळलेली पानं पाणी मारत, ढीग परतत, सुमारे 100 दिवस कुजवतात. या कुजवलेल्या पानांना ‘सुकुमो’ म्हणतात. सुकुमो राखेच्या पाण्यात घालून वर गव्हाचा कोंडा, कधी तांदळाची दारू घालतात. हे जेवण जिवाणूंसाठी. तेच निळीचं क्षपण करतात. उपाशी राहिले, गारठले किंवा फार तापले, तर रंग चढत नाही.

दक्षिण भारतातले रंगारी याच कामासाठी चुन्याच्या पाण्यात टाकळ्याचं बी उकडून घालत आले. हो, पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो तोच टाकळा. अरबस्तानात खजूर चाले. जे हाताशी, ते पिंपाला.

दुबईच्या उन्हाळ्यात, जेव्हा थंडच्या नळालाही कढत पाणी येतं, तेव्हा असं पिंप राखणं सोपं नाही. सुरुवात करायची असेल तर फ्रेंच रंगतज्ज्ञ मिशेल गार्सिया यांनी लोकप्रिय केलेलं प्रमाण बघा: वजनाने 1 भाग नीळ, 2 भाग चुना, 3 भाग फ्रुक्टोज. इथे जिवाणूंऐवजी साखर काम करते. चुना हात आणि डोळे भाजतो, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घालाच.

‘नैसर्गिक’ म्हणजे काय

बऱ्याच छोट्या वर्कशॉपांत पिंप सोडियम हायड्रोसल्फाइटने तयार केलेलं असतं, किंवा नीळ आधीच क्षपण करून वाळवलेली येते. त्यात पाप नाही, वेळ वाचतो. फक्त विचारून घ्या. कारखान्यातल्या निळीचा रेणू आणि पानातल्या निळीचा रेणू एकच आहे. फरक आहे तो पानाबरोबर येणाऱ्या इतर द्रव्यांत आणि ती बनवणाऱ्यांच्या कामात.

आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे निष्पाप, असंही समजू नका. बंगालात 1859-60 मध्ये शेतकऱ्यांनी निळीच्या सक्तीविरुद्ध बंड केलं. चंपारणमध्ये बिघ्यातल्या 20 कठ्ठ्यांपैकी 3 कठ्ठ्यांत नीळ लावायची सक्ती होती. गांधीजी 1917 मध्ये तिथे गेले ते यासाठी. दरम्यान जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली होती आणि भारतातली निळीची शेती कोसळत गेली.

तिच्याबरोबर हातातली विद्याही गेली. 1884 च्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ‘निराळी’ या समाजाची नोंद आहे, नीळ रंगवणारे म्हणून. आज कितीजणांना या शब्दाचा हा अर्थ माहीत असतो? आखातातही या रंगाची आठवण आहे. जुन्या पिढीतल्या एमिराती बायका तोंडावर जो धातूसारखा चमकणारा बुरखा बांधत, तो निळीत रंगवून घोटलेल्या कापडाचा असे. ते कापड भारतातून येई, आणि घामाने त्याची नीळ गालांवर उतरे. अरबीत निळीला ‘नील’च म्हणतात. तोच शब्द पोर्तुगीजांकडे ‘अनिल’ झाला आणि त्यावरून रसायनशास्त्रात ‘अनिलीन’ आलं.

तेव्हा वर्कशॉपला जरूर जा. कापड बाहेर काढाल तेव्हा फोन खाली ठेवा, कारण हिरवा क्षण लगेच जातो. रुमाल वाळत घातलात की शिकवणाऱ्यांना विचारा: हे पिंप उद्या सकाळी कोण ढवळणार? कोणी ढवळणार असेल, तर तुम्हीही येऊ का, तेही विचारा.